सातवा वाळा

बायको गेल्याची बातमी टर्नरला ओरडून सांगावी लागली.

वर्कशॉपात सहा लेथमशिनं चालू होती, त्यातलं एक त्याचं. फोरमनच्या टेबलावर फोन आला तो छापखान्याच्या मॅनेजरचा, आणि मॅनेजर म्हणजे हळू, सभ्य बोलणारा माणूस. टर्नरला एक शब्द ऐकू येईना. "मोठ्यांदा बोला हो!" तो खेकसला. मॅनेजर जरासा मोठ्यांदा बोलला. "काय? कोण पडलं?" टर्नर पुन्हा खेकसला. फोरमनने हात वर करून मशिनं बंद करवली आणि नेमका त्याच वेळी मॅनेजर पलीकडून जिवाच्या आकांताने ओरडला, "तुमच्या मिसेस गेल्या! टेबलावरच गेल्या!" ते सगळ्या वर्कशॉपाने ऐकलं.

छापखान्यात ती सव्वीस वर्षं प्रूफं तपासत होती. त्या दिवशी अकराच्या सुमाराला तिने हातावर कपाळ टेकलं. शेजारच्यांना वाटलं, डोळे दुखत असतील, पडू दे पाच मिनिटं. पाचाची तीस झाली.

"आम्हाला वाटलं, विश्रांती घेताहेत," टर्नर मेहुणीला घेऊन छापखान्यात पोचला तेव्हा मॅनेजर म्हणाला.

"अर्धा तास? सव्वीस वर्षांत माझी बायको इथे कधी झोपली होती का?"

टर्नरचा हात उठला होता, तो मेहुणीने धरला. "भाऊजी, आत्ता नाही," ती म्हणाली. मग त्या दिवशी नाही, पण पुढे राहिलाच तो राग. ज्याच्यावर निघेल त्याच्यावर निघायचा. शेजाऱ्याने जिन्यात "देवाची मर्जी" म्हटलं तर टर्नर त्याला म्हणाला, "तुझ्या घरी पाठव मग त्याला." शेजाऱ्याने महिनाभर जिना चुकवला.

छापखान्यातून तिची पिशवी मिळाली. लाल पेन, चष्मा, न उघडलेला डबा आणि दुर्बीण. कामावर जाण्याआधी ती रोज तासभर तळ्यावर उभी राहायची.

तळं दोघांचंही होतं. रविवारी टर्नर बंदूक घेऊन जायचा आणि बाकीचे सहा दिवस ती दुर्बीण घेऊन. "तुम्ही माझे पक्षी मारता," ती म्हणायची. "आणि तू माझे मोजून ठेवतेस," तो म्हणायचा. लग्नानंतर चौथ्या-पाचव्या वर्षापासून तिचं एकच मागणं होतं. एक रविवार बंदूक घरी ठेवा आणि माझ्याबरोबर चला. तो म्हणायचा, "नुसतं बघायला? मग उद्यापासून ताटाकडेही नुसतं बघत बसतो." हे उत्तर त्याला इतकं आवडलं होतं की शिकार क्लबात त्याने ते चार-पाच वेळा सांगितलं. लोक दर वेळी हसले.

दोन वर्षांपूर्वी सरकारने तळ्यावरची शिकार बंद केली. बंदुका जमा झाल्या आणि क्लबातले बाराजण रविवारी सकाळी घरात काय करावं ते न कळून बायकांच्या मध्ये मध्ये करू लागले. टर्नर वर्कशॉपात ओव्हरटाइम करू लागला. तेव्हाही ती म्हणाली, "आता तरी चला." तो म्हणाला, "बघू."

बायको जाऊन महिना झाला असेल, तेव्हा अक्कलदाढ घरी आला. हा दातांचा डॉक्टर. न विचारता सल्ले देतो म्हणून क्लबात त्याचं नाव अक्कलदाढ पडलेलं. टर्नरला क्लबात एकबार म्हणायचे, कारण त्याला एका पक्ष्याला दुसरा बार लागत नसे.

"एकबार, ऊठ," अक्कलदाढ म्हणाला. "रविवारी सहा वाजता तळ्यावर. आम्ही सगळे आता पक्षी बघतो."

"कोण आम्ही?"

"आपलाच क्लब. तीच माणसं, तीच जॅकेटं. फक्त हातात दुर्बिणी. पक्षिमंडळाने आम्हाला मेंबर करून घेतलंय. मी तर उपाध्यक्ष आहे."

टर्नरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ती बावीस वर्षं म्हणत होती," तो म्हणाला. "बावीस वर्षं! तेव्हा तूच माझ्या पाठीवर थाप मारायचास ना, की बायकांच्या नादाला लागू नकोस? आणि आता तुला छंद लागलाय?"

"माणूस बदलतो रे."

"बंदूक काढून घेतली म्हणून बदललास. बदललास कसला, दात पाडलेत तुझे."

अक्कलदाढ दातांवरचे विनोद ऐकून निबर झालेला माणूस. तो म्हणाला, "सहा वाजता. तिची दुर्बीण घेऊन ये."

टर्नर जाणार नव्हता. पण रविवारी पाच वाजता जाग आली आणि घर इतकं गप्प होतं की तो उठून गेला.

शिकारी लोक पक्षी कसे बघतात हे बघण्यासारखं होतं. कुणी बोलत नव्हतं, सगळे पोटावर पडलेले. एखादा पक्षी नीट दिसला की कुजबुजत म्हणायचे, "पडला!" झुडपात शिंपी पक्ष्याएवढं काही तरी फडफडत होतं, त्याच्याकडे कुणी मानही वळवली नाही. एकजण म्हणालाच, "सोड रे, त्यात काय आहे खायला?" मग त्याचं त्यालाच कळलं आणि सगळे खी खी करून हसले. घरी जाताना कुणाचे किती झाले याची मोजणी झाली. ज्याचे सगळ्यांत कमी त्याने चहा पाजायचा, हाही जुनाच नियम.

टर्नरचा शून्य झाला. कारण साधं होतं. छऱ्याची बंदूक चालवणारा उडत्या पक्ष्यावर नेम धरत नाही. पक्षी पुढच्या क्षणी जिथे पोचणार तिथे धरतो, नाही तर छरे शेपटीमागून जातात. चाळीस वर्षांची सवय. पक्षी उडाला की टर्नरची दुर्बीण आपोआप त्याच्या पुढे दोन हात जायची आणि काचेत मोकळं आभाळ दिसायचं. पक्षी मागून येईपर्यंत त्याचे हात आणखी पुढे गेलेले असायचे. तासभर तो आभाळ बघत होता.

"एकबारचे बार फुकट!" कुणी तरी म्हणालं.

चहाच्या टपरीवर अक्कलदाढने खिशातून पक्षिमंडळाची छापील यादी काढली. तळ्यावर आजवर दिसलेले एकशे त्र्याऐंशी पक्षी, प्रत्येकापुढे पहिल्यांदा दिसल्याची तारीख आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याचं नाव. "बघ," तो म्हणाला, "वहिनींचं नाव अकरा वेळा आहे. एवढं कुणाचंच नाही."

टर्नरने यादी वरून खालपर्यंत वाचली. मग खालून वर.

"तिचा हंस कुठाय?"

"कुठला हंस?"

"पांढऱ्या कपाळाचा, लहान चणीचा. डोळ्याभोवती पिवळं कडं असतं तो. नऊ वर्षांपूर्वी पाहिला होता तिने. सबंध हिवाळा डोकं खाल्लं होतं माझं."

अक्कलदाढने खांदे उडवले. "नसेल मान्य झाला. फोटो लागतो, दुसरा साक्षीदार लागतो. विचार ऑफिसात."

टर्नर दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पक्षिमंडळाच्या ऑफिसात गेला. दोन खोल्या, एक कपाट, आणि नोंदी सांभाळणाऱ्या एक बाई. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे समोरच्याने आवाज चढवला तर त्या आपला आवाज उतरवत. टर्नरने आल्याआल्या चढवला.

"माझ्या बायकोचा हंस तुम्ही का खोडलात?"

"आम्ही नाही खोडला," बाई म्हणाल्या. "बसा तुम्ही."

"बसायला नाही आलो. ती सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढत होती. औषधाच्या पुड्यावरची चूकसुद्धा लाल पेनाने दुरुस्त करायची. ती पिवळं कडं दिसलं म्हणाली म्हणजे दिसलं. तुमच्या समितीला काय दिसतं हो?"

बाईंनी कपाटातून फाइल काढली. तिची चार पत्रं होती. पहिल्या पत्रात तारीख, बुधवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं, अंतर, प्रकाश, पिवळं कडं, आणि डाव्या पायात धातूची कडी, तिच्यावरचे शेवटचे तीन आकडे चार-एक-सात. फोटो नाही. समितीने 'पुरावा बाकी' असा शेरा मारला होता. पुढची दोन पत्रं त्या शेऱ्याशी भांडणारी. दुसऱ्या पत्रात तर तिने समितीच्या उत्तरातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुकाही काढल्या होत्या. टर्नरला एवढ्या रागातही बरं वाटलं.

चौथं पत्र पाच वर्षांपूर्वीचं. दोनच ओळी. "माझी पाहण्यात चूक झाली असावी. कृपया नोंद मागे घ्यावी."

"हे तिने नाही लिहिलं," टर्नर म्हणाला.

"अक्षर ओळखा तुम्हीच."

अक्षर तिचंच होतं.

"तुम्ही लिहून घेतलंत. धमकावलंत तिला!"

"त्यांना?" बाई म्हणाल्या. "त्यांना कोण धमकावणार? मीच त्यांना घाबरायचे. पत्र आल्यावर मी फोन केला होता. म्हणाल्या, चूक ती चूक, तुम्ही फाइल बंद करा. आणि फोन ठेवला."

टर्नर पाय आपटत घरी आला. तिच्या वह्या कपाटाच्या खालच्या खणात ओळीने लावलेल्या होत्या. त्या त्याने कधी उघडल्या नव्हत्या, ती असताना नाही आणि ती गेल्यावरही नाही. पत्रावरची तारीख बघून त्याने पाच वर्षांपूर्वीची वही काढली. पक्षी, संख्या, वारा, ढग. पानांमागून पानं तेच. पत्राच्या तारखेच्या दोन दिवस आधीच्या पानावर मात्र पक्षी नव्हते. तिथे लिहिलं होतं,

"रंगाऱ्यासाठी दारामागचं सामान काढलं. यांच्या शिट्टीची दोरी. सातवा वाळा, ४१७. नीट तीनदा वाचला. तो रविवार मला आठवतो. मी जेवले होते. यांना विचारलं नाही."

वाळा हा शिकाऱ्यांचा शब्द. दूर देशी कुणी तरी पक्षी धरतात, त्याच्या पायात नंबराची कडी घालतात आणि सोडून देतात, म्हणजे तो पुढे कुठे सापडला ते कळावं. कडीवर पत्ता असतो, सापडली तर कळवा म्हणून. क्लबातलं कुणी कधी कळवत नसे. कळवलं तर कुठे मारला, कधी मारला, परवान्यात होता का, असे प्रश्न यायचे. त्यापेक्षा कडी काढायची, तिला लहान मुलाच्या पायातल्यासारखा वाळा म्हणायचं, आणि बदकांना बोलवायच्या शिट्टीच्या दोरीत ओवायची. ज्याच्या दोरीला जास्त वाळे त्याला क्लबात मान. टर्नरच्या दोरीला अकरा होते. दोरी दारामागे खुंटीला टांगलेली असे. बायको कधी दोरीला हात लावत नसे. तिला त्या दोरीची किळस होती आणि तसं ती तोंडावर सांगायची.

टर्नरने दोरी काढली. सातवा वाळा मोजून बोटांत धरला. लेथवर बारीक माप वाचायला वापरतात ते भिंग वर्कशॉपच्या डब्यातून घेतलं आणि नंबर वाचला. शेवटी चार-एक-सात.

तो रविवार आता त्यालाही आठवला. धुकं होतं. चौघे पलीकडच्या बांधावरच्या आडोशात बसले होते, अक्कलदाढ त्याच्या उजव्या हाताला. परवाना बदकांचा होता, हंसाला हात लावायची बंदी होती. धुक्यातून एकच मोठा पक्षी खाली आला. अक्कलदाढ म्हणाला, "हंस आहे, एकबार, जाऊ देतोस काय?" त्याने जाऊ दिला नाही. दुपारी अक्कलदाढच्या घरी सगळे सहकुटुंब जेवले. टर्नरने बायकोला बदक म्हणून सांगितलं. तिला मांस फारसं आवडायचं नाही, पण यजमानीणबाईंचं मन मोडू नये म्हणून तिने दोन फोडी घेतल्या.

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली होती, "माझा हंस रविवारपासून दिसत नाही हो." आणि तो म्हणाला होता, "गेला असेल पुढे." हे म्हणताना त्याला ठाऊक नव्हतं, असं तो त्या दिवशी भिंग हातात धरून स्वतःला सांगू लागला. पण ते खरं नव्हतं. कडी खिशात होती. बायको चार दिवस चार-एक-सात, चार-एक-सात करत घरात फिरत होती. वाचायला एक मिनिट लागलं असतं. त्याने मुद्दाम वाचली नाही. उरलेला हिवाळा ती कॅमेरा उसना घेऊन रोज त्या हंसाची वाट बघत उभी राहिली, आणि त्याने तिला थर्मासमध्ये चहा भरून दिला.

त्याने वही भिंतीवर फेकली. मग उचलली, कारण पानं सुटली असती तर तिला चाललं नसतं. मग पुन्हा राग आला. पाच वर्षं! पाच वर्षं ही बाई त्याच्यासमोर बसून जेवली, त्याच्या शर्टाची बटणं लावली, रविवारी निघताना "टोपी घ्या" म्हणाली, आणि एक अक्षर बोलली नाही. "बोलायचं होतंस!" तो रिकाम्या खोलीत ओरडला. "घर डोक्यावर घ्यायचं होतंस! भांडं फेकायचं होतंस!"

मेहुणी संध्याकाळी आली तेव्हा दोरी टेबलावर पडली होती. तिने ती पाहिली आणि पर्स खाली ठेवली.

"कळलं वाटतं," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"ताईने तेव्हाच सांगितलं होतं."

"मग मला का नाही सांगितलं तिने? मी नवरा होतो तिचा!"

"सांगून तुम्ही काय केलं असतं, भाऊजी? खरं सांगा."

टर्नरने दोरी आपल्याकडे ओढली.

"मी सांगते. आधी नाही म्हणाला असता. मग हसला असता. आणि पुढच्या रविवारी क्लबात सांगितलं असतं, की बायको चार महिने ज्याच्या मागे होती तो मी एका बारात खाली आणला. ताई म्हणाली, ते मला ऐकायचं नाही."

टर्नरला तोंडात मारल्यासारखं झालं, कारण वाक्य हुबेहूब त्याचं होतं.

"पण नोंद का मागे घेतली?" तो म्हणाला. "तिने तर बरोबर पाहिलं होतं."

"समिती पुरावा मागत होती आणि पुरावा तुमच्या दारामागे टांगलेला. कुणी वाळा पाहिला असता तर तुमच्यावर केस झाली असती. ती म्हणाली, एक तर मी चुकले असं लिहीन, नाही तर नवऱ्याला पकडून देईन. दोन्हींतलं कमी वाईट कुठलं ते तिने दोन दिवस शोधलं. आयुष्यात एकदाच तिने खोटं लिहून दिलं. तुमच्यासाठी." मग मेहुणीचाही आवाज चढला. "आणि तुम्ही तिच्यावर ओरडता? जिन्यापर्यंत ऐकू येत होतं."

त्या दिवशी टर्नरने ठरवलं, हंस यादीत जाईल आणि तिच्या नावाने जाईल. दुसरं काही त्याला नको होतं.

अक्कलदाढच्या दवाखान्यात तो दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून बसला होता. टर्नरने वाळा अक्कलदाढच्या नाकासमोर धरला आणि सगळं सांगितलं. पेशंटला तोंड मिटता येत नव्हतं, त्याने डोळे मोठे केले.

"बाहेर थांब," अक्कलदाढ म्हणाला.

"नाही थांबत. मी हा ऑफिसात देणार."

अक्कलदाढने पेशंटच्या तोंडात कापूस कोंबला आणि टर्नरला कोपऱ्यात नेलं. "वेडा झालायस का? बंदी असलेला पक्षी. चौघे होतो आपण. माझ्या घरी शिजला. मी उपाध्यक्ष आहे मंडळाचा, गेल्या महिन्यात शाळेतल्या पोरांना भाषण दिलं मी, पक्षी वाचवा म्हणून."

"मग आता सांग त्यांना, खाल्ला म्हणून."

"गेलेल्या माणसाला काय फरक पडतो रे?"

टर्नरने त्याची कॉलर धरली. पेशंट कापसातून काही तरी बोलला.

"तिला काय फरक पडतो ते तू मला सांगू नकोस," टर्नर म्हणाला. "ती चूक म्हणून लिहून गेलीय. चूक! तिची नव्हती ती."

"बरं, बरं. सोड. एक काम कर, तू एकटाच होतास असं लिही. वहिनींचं काम होईल, बाकीच्यांना त्रास नको."

टर्नर तसंच लिहिणार होता. कुणाला गुंतवायचा विचार त्याच्या मनातही नव्हता. पण अक्कलदाढचा चेहरा जो सुटल्यासारखा झाला, तो बघून त्याला इतकी चीड आली की कॉलर सोडताना त्याने एक बटण तोडून हातात घेतलं आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. मग तो निघाला. तळ्यावरच्या रविवारच्या मंडळींत तो पुन्हा गेला नाही.

ऑफिसातल्या बाईंनी त्याचं लेखी निवेदन वाचलं. 'हा पक्षी मी मारला. मी एकटा होतो. बुधवारी माझ्या पत्नीने पाहिला तो हाच.' त्यांनी ते दोनदा वाचलं, मग वाळा चिमटीत धरून पाकिटात घातला. टर्नरला वाटलं होतं, त्या ओरडतील. त्याची तयारी होती.

सात आठवड्यांनी बाईंचा फोन आला. कडी घालणाऱ्यांचं उत्तर आलं होतं. हंस त्याच जातीचा. पार उत्तरेकडे, बर्फाच्या मुलखात पिल्लू असताना धरलेला, मेला तेव्हा तीन वर्षांचा. जंगल खात्याचंही पत्र होतं. प्रकरण जुनं, कबुली स्वतःहून दिलेली, म्हणून टर्नरला समज देऊन सोडलं होतं. टर्नरला ते ऐकून बरं वाटलं नाही. त्याला शिक्षा चालली असती.

"समितीने नोंद मान्य केली," बाई म्हणाल्या. "एकशे चौऱ्याऐंशीवा पक्षी. यादीत तुमचं नाव जाईल."

"माझं? माझं कशाला?"

"पुरावा तुम्ही दिलात. पहिला पुरावा ज्याचा, नोंद त्याची. नियम आहे."

"अहो, मी मारला तो! ती बुधवारी पाहते, मी रविवारी मारतो, आणि पहिल्यांदा पाहिला कुणी, तर मी? मी तर पाहिलाही नव्हता. धुकं होतं!"

"मला कळतंय सगळं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खूप खाली उतरला होता. "पण त्यांची नोंद त्यांनी स्वतः मागे घेतलीय. मागे घेतलेली नोंद पुन्हा लावायची तर निरीक्षकाचाच अर्ज लागतो."

"ती वारली आहे."

"हो."

"मग अर्ज कसा करणार ती?"

"नियम करणाऱ्यांनी याचा विचार केला नव्हता."

"मग माझं नाव काढा. मला नको."

"पुरावा असलेली नोंद काढता येत नाही. तेही नियमातच आहे." बाई पुढे म्हणाल्या, "तुम्ही अर्ज द्या. मी समितीपुढे ठेवते. बैठक वर्षातून दोनदा होते."

टर्नरने अर्ज दिला. पहिल्या बैठकीत सदस्य पुरेसे आले नाहीत. दुसऱ्या बैठकीत विषय पुढे ढकलला, कारण उपाध्यक्षांचं म्हणणं पडलं की नियम एका माणसासाठी बदलू नयेत, आणि शिवाय हे प्रकरण पुन्हा उकरणं मंडळाच्या हिताचं नाही. बाईंनी हे फोनवर सांगितलं तेव्हा टर्नर म्हणाला, "दाढ उपटायला हवी होती मी त्याची." बाई पहिल्यांदाच हसल्या आणि लगेच "माफ करा" म्हणाल्या. टर्नरने दुसरा अर्ज लिहिला. त्यात तिच्या वहीतलं बुधवारचं पान जोडलं. चौथ्या पत्राबद्दल लिहिताना त्याने साधं लिहिलं, 'हे पत्र माझ्यामुळे लिहिलं गेलं. चूक तिची नव्हती.' शुद्धलेखन त्याने मेहुणीकडून तपासून घेतलं.

अर्ज समितीकडे असतानाच मंडळाने तळ्याच्या काठावर नवीन फलक उभा केला. जाड पत्रा, निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, सगळी यादी. टर्नर तो बघायला गेला. खालून पहिल्याच ओळीत पक्ष्याचं नाव होतं, पुढे त्या रविवारची तारीख आणि पुढे त्याचं स्वतःचं नाव. वर अकरा ठिकाणी ती होती. तारीखसुद्धा चूक. तिने बघितलं असतं तर तिथल्या तिथे लाल पेन काढलं असतं.

तो वर्कशॉपात परत गेला आणि दुपारच्या सुट्टीत कानस घेऊन आला. आधी तारीख घासली, मग नाव. पत्रा जाड होता, रंग दोन हातांचा, पाऊण तास लागला. फिरायला आलेलं एक जोडपं थांबलं. "अहो काका, सरकारी फलक आहे ना तो?" त्यातली बाई म्हणाली. "मंडळाचा आहे," टर्नर म्हणाला, "आणि चुकीचा आहे." ती दोघं निघून गेली आणि त्यांनी कुणाला तरी सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत. फलक दुरुस्त करायचा तर समितीचा ठराव लागेल, एवढंच म्हणाल्या.

ठराव झालेला नाही. समितीची पुढची बैठक चार महिन्यांनी आहे. फलकावर एकशे चौऱ्याऐंशीव्या ओळीत हंसाचं नाव आहे आणि पुढे घासलेला पत्रा. तिथे बुधवारची तारीख आणि तिचं नाव लागायचं राहिलं आहे.